आमच्या दारचे फाटक

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाने आपल्या घराला कुंपण घालून त्याला फाटक बसवावे, यात इतिहासाचा थोडा विनोद आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज या शहरावर चालून आले, तेव्हा शहराभोवती नाव घेण्यासारखा कोट नव्हता. होती ती मातीची भिंत. १६७० मध्ये ते पुन्हा आले. या धास्तीने पुढे शहराला विटांचा पक्का कोट झाला आणि त्याला दरवाजे लागले. आज कोट राहिला नाही, आणि दिल्ली दरवाजा, सहारा दरवाजा, लाल दरवाजा ही नावे मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी रोज ऐकू येतात. ‘सुरतेला दरवाजे लावायला भाग पाडणारे तुम्हीच, आणि आता स्वतःच फाटक बसवता?’ असे आमच्या एका गुजराती स्नेह्यांनी हसत विचारले. आम्हीही हसलो. परंतु खरे उत्तर त्यांना त्या वेळी दिले नाही. आमचे फाटक बाहेरून कोणी आत येऊ नये म्हणून नव्हते; आतले कोणी बाहेर जाऊ नये म्हणून होते.

भेस्तान हे सुरतेच्या दक्षिणेला, उधना आणि सचिन यांच्यामधले, मुंबईच्या लोहमार्गावरचे लहानसे स्थानक. २००६ मध्ये महानगरपालिकेची हद्द वाढली तेव्हा ते शहरात आले. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, १९८७ साली येथे भूखंड घेतला तेव्हा आसपास शेते आणि बाभळी होत्या. नाना मूळचे दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातले. १९७२ च्या दुष्काळात बैलजोडी विकावी लागली, आणि ते ताप्ती व्हॅलीच्या गाडीत बसून उधन्याला उतरले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झालेल्या या लोहमार्गाने जळगाव, अमळनेर, नंदुरबार आणि सुरत एका दोरीत ओवले, आणि त्याच दोरीला धरून खानदेशातली किती माणसे इकडे आली याची मोजदाद नाही. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत आजही सकाळी नळावर अहिराणी ऐकू येते, ती त्याच गाडीने आलेली आहे.

नाना पांडेसऱ्यातल्या एका मागाच्या कारखान्यात प्रथम कांड्या भरायला लागले, मग माग चालवू लागले आणि शेवटी जॉबर झाले. बिघडलेला माग आवाजावरून ओळखणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. बारा तासांची पाळी. पहाटे उठावयाचे, ओट्यावरून उतरावयाचे, मागल्या बाजूच्या मोकळ्या जागेतून तिरपे चालत स्थानकाच्या रस्त्याला लागावयाचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. आमच्या घराला कुंपण नव्हते. ‘कुंपण शेताला असते, घराला कशाला?’ असे ते म्हणत. शेजारच्या गुजराती कुटुंबाची जागा आणि आमची जागा यांच्यामध्ये एक तुळशीवृंदावन आणि एक पेरूचे झाड, एवढीच काय ती सीमा होती.

सुमारे तीन वर्षांपूर्वी नाना विसरू लागले. आधी चष्मा, मग आठवड्याचे वार, मग नातवाचे नाव. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाचे हे चालावयाचेच, असे आम्ही मनाला समजावीत राहिलो. परंतु एका पहाटे त्यांची खाट रिकामी दिसली. तासाभराने ते भेस्तानच्या फलाटावर सापडले. अंगात धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी, पिशवीत एक भाकरी आणि दोन कांदे. आम्ही म्हटले, ‘नाना, कुठे निघालात?’ ते म्हणाले, ‘मनी गाडी चुकी जाई.’ त्यांना दोंडाईच्याला जावयाचे होते. त्यांची ती नेहमीची गाडी उधन्याहून सुटणारी. ताप्तीचा जुना फाटा उधन्याला वेगळा होतो. ज्या माणसाने पन्नास वर्षे ही वाट डोळे मिटून केली, त्याला आम्ही हे समजावून सांगत होतो. आणि मुंबईकडची एक जलद गाडी आमच्या तोंडावर धूळ उडवीत, न थांबता निघून गेली. नाना फलाटाच्या अगदी कडेला उभे होते. त्या दिवसापासून आम्हांला झोप लागेनाशी झाली.

वैद्यांनी सांगितले की हा स्मृतिभ्रंश आहे. तो वाढत जाईल. रागावू नका, वाद घालू नका, लक्ष ठेवा. लक्ष ठेवावयाचे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असे माणूस आहे त्यालाच ठाऊक. आमच्या सौभाग्यवतींनी दाराशी अंथरूण घातले. चिरंजीवांनी कॅमेरा लावावा, मोबाइलवरून उघडणारे कुलूप आणावे, असे सुचविले. घराच्या दारालाच कुलूप घालावे, असेही एकाने सांगितले. पण रात्री आग लागली, कोणाला चक्कर आली, तर किल्ली शोधण्यातच जीव जावयाचा, म्हणून ते आम्ही मानले नाही. शेवटी असे ठरले की घर उघडे ठेवावे, अंगण बंद करावे. नानांना ओटा असावा, पेरूचे झाड असावे, चालावयाला जागा असावी. फक्त रस्ता नसावा.

विटांची भिंत बांधावी की तारेची जाळी लावावी, यावर घरात बराच काथ्याकूट झाला. भिंतीने वारा अडतो, पावसाचे पाणी साचते आणि आत बसलेल्याला बाहेरचे काही दिसत नाही. रोज ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारणाऱ्या माणसासमोर भिंत उभी करणे आमच्याने होईना. म्हणून ज्याला बाजारात चेनलिंक म्हणतात ती जाळी घेतली. पाच फूट उंच, दोन इंची चौकट, दहा गेजची, जस्ताचा मुलामा दिलेली तार.

ही जाळी ज्यांनी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ती विणलेली दिसते, पण कापडासारखी नव्हे. प्रत्येक तार यंत्रात नागमोडी वळवून घेतात आणि तशी वळलेली दुसरी तार पहिलीच्या वळणांत, स्क्रू फिरवावा तशी, फिरवीत नेतात. अशा उभ्या तारा एकीत एक अडकत जातात आणि शंकरपाळ्यासारखी चौकट तयार होते. वर आणि खाली शेजारच्या दोन तारांची टोके एकमेकींत वळवली की काम पुरे. तारेची जाळी यंत्रावर विणण्याची कल्पना इंग्लंडातल्या नॉर्विच या गावच्या चार्ल्स बर्नार्ड याने १८४४ मध्ये प्रत्यक्षात आणली, आणि ती त्याने कापडाच्या मागावरून घेतली. नॉर्विच हे पिढ्यान्‌पिढ्या कापड विणणारे गाव होते. हे आम्हांला मागाहून वाचनात आले. नानांना ते न वाचताच कळले होते. जाळीची गुंडाळी अंगणात उलगडली तेव्हा ते ओट्यावरून उठून आले, खाली बसले, एका तारेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरविले आणि म्हणाले, ‘याले बाणाच नही.’ खरेच होते. सगळा ताणा; आडवा धागा एकही नाही. कित्येक महिन्यांत त्यांनी उच्चारलेले ते पहिले सरळ, पुरे वाक्य होते. आम्ही आनंदलो, आणि त्या आनंदात त्या वाक्याचा अर्थ लक्षात घ्यावयाचे राहिले.

वैशाखात काम सुरू झाले. वेल्डर कामसू होता, पण घाईत होता. आमची जमीन काळी. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात ती पाणी पिऊन फुगते. अशा जमिनीत खांब रोवणे म्हणजे पाळण्यात दिवा ठेवण्यासारखे आहे. त्याने खांबांसाठी जेमतेम दीड फूट खड्डे घेतले, काँक्रीट ओतले आणि संध्याकाळी त्याच ओल्या खांबाला रस्त्याच्या बाजूचे फाटक लटकावून तो मोकळा झाला. कुंपणाचा साधा खांब जाळीचा ताण सोसतो, पण फाटकाचा खांब दिवसातून वीस वेळा हेलकावे सोसतो, हे ना त्याने सांगितले ना आम्हांला सुचले. पहिल्या दोन पावसांतच खांब अंगठाभर झुकला. कडी कोयंड्याच्या खाली उतरली. फाटक लावावयाचे तर एका हाताने उचलून धरावे लागे.

तशात फाटकाची चौकटही लोंबू लागली. चौकट ताठ राहावी म्हणून वेल्डरने एक पातळ पट्टी तिरपी जोडली होती. आम्ही दोघे, म्हणजे आम्ही आणि तो, फाटकापुढे उभे राहून एकमेकांना दोष देत असता नाना मागून आले आणि पट्टीवर बोट वाजवून म्हणाले, ‘हाई पट्टी उलटी शे.’ वेल्डर हसला. पण पट्टी खरोखरच उलटी होती. खालच्या बिजागरीकडून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे गेलेल्या आधारावर भार दाबून पडतो. तेथे जाड पाइप हवा. पातळ पट्टी दाबाने वाकते. तीच वरच्या बिजागरीकडून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे लावली तर ती ताणली जाते, आणि ताण पातळ पट्टीही सोसते. पट्टी बदलली, फाटक सरळ झाले. खांब उपटून नवा खड्डा तीन फूट खोल घेतला, तळाशी दगड ठोकले, काँक्रीट भरले, त्यावर ओली गोणपाटे ठेवून आठ दिवस पाणी घातले आणि मगच फाटक चढविले. या आठ दिवसांत आमच्या सौभाग्यवती पुन्हा दाराशी झोपल्या.

फाटक झाले. त्याला कुलूप लागले. कुलूप बाहेरच्या बाजूने होते, म्हणजे नानांचा हात पोहोचू नये अशा बेताने. पाहुणे येत, फाटकाची तारीफ करीत. ‘झांपो सरस थयो’ असे शेजारी म्हणत. आम्ही रात्री झोपू लागलो. आणि पहाटे साडेचारला जाग आली की खिडकीतून दिसे ते असे: सदरा घातलेले नाना, खांद्याला पिशवी, दोन्ही हातांनी जाळी धरून रस्त्याकडे पाहत उभे. ते कुलूप हलवीत नसत, ओरडत नसत. पाळी बदलण्याची वेळ झाली असता कारखान्याच्या दाराशी माणसे जशी उभी राहतात तसे ते उभे असत. थोड्या वेळाने आम्ही जाऊन त्यांचा हात धरून आणीत असू. जाळीच्या तारांचे ठसे त्यांच्या बोटांवर उमटलेले असत. ते पाहून आम्ही कोणाशी काही बोललो नाही. सौभाग्यवतींनीही पाहिले होते. त्याही बोलल्या नाहीत. माणूस सुरक्षित आहे, एवढ्यावर आम्ही दोघांनी समाधान मानावयाचे ठरविले होते.

पावसाळा असाच गेला. अश्विनातली एक पहाट. खाट रिकामी. आम्ही अंगणात धावलो. फाटक बंद, कुलूप जागच्या जागी. पाच फुटांची जाळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस चढून जाणे शक्य नाही. घरात शोधले, न्हाणीघरात पाहिले. तेवढ्यात चिरंजीवांनी मागल्या बाजूने हाक मारली. तेथे, पेरूच्या झाडापलीकडे, कुंपण दाराच्या पडद्यासारखे दुभंगले होते. एकही तार तुटलेली नव्हती. एक तार पूर्ण वाकणांसह काढून नीट, सरळ, झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवली होती. शेजारी आमची पक्कड. वरचे टोक सोडविले, खालचे टोक सोडविले आणि मधली तार फिरवीत फिरवीत वर काढून घेतली की जाळीचे दोन भाग सुटे होतात. ‘याले बाणाच नही’ याचा अर्थ आम्हांला त्या वेळी कळला. नातवाचे नाव विसरलेल्या डोक्याखाली त्यांचे हात मात्र काहीच विसरले नव्हते.

आम्ही स्थानकाकडे पळत सुटणार, तोच शेजारच्या बांनी आपल्या ओट्यावरून हाक दिली. येथे एक खुलासा केला पाहिजे. आमच्या खेड्याकडे बा म्हणजे बाप. गुजरातीत बा म्हणजे आई. शेजारच्या बा नानांहून थोड्या लहान. नाना त्यांच्या ओट्यावर बशीतून चहा पीत होते. पिशवी मांडीवर. बांनी त्यांना अंगण ओलांडताना पाहिले, ‘अजून गाडीला वेळ आहे, चहा घ्या’ म्हणून बसवून घेतले. आम्ही खाली मान घालून त्यांचे आभार मानले आणि जाळीचे काय करावे याचा विचार बोलून दाखविला. म्हणालो, या बाजूची सगळी टोके वेल्डिंगने पक्की करून घेतो. बांनी आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘भाई, एमनो रस्तो तो अहींथी ज हतो ने.’

त्यांचा रस्ता तर येथूनच होता. हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. लहानपणी आम्ही त्याच वाटेने त्यांच्यामागे डबा घेऊन धावलो होतो. आम्ही फाटक बसविले ते रस्त्याच्या बाजूला, कारण फाटक समोर असते, असा आमचा समज. नाना त्या फाटकाशी चार महिने उभे राहिले. ज्या दिशेने आपण कधी गेलोच नाही त्या दिशेचे दार बंद का आहे, हे त्यांना उमगत नसावे. शेवटी त्यांच्या पायांनी आपली जुनी वाट शोधली आणि वाटेत जाळी आली तेव्हा हातांनी ती उकलली. आम्ही त्यांना कुठे जाऊ नये ते सांगत होतो. ते कुठून जातात, हे विचारावयाचे राहून गेले होते.

कार्तिकात आम्ही दुसरे फाटक बसविले, नानांनी उकललेल्या त्या जागीच. शेजाऱ्याच्या जागेकडे उघडणारे फाटक त्याच्या संमतीवाचून बसवू नये, म्हणून बांच्या मुलांशी आधी बोललो. त्यांनी ‘झांपो आमचापण समजा’ म्हणून सांगितले. या खेपेस घाई केली नाही. तीन फुटांचे अंतर सोडून जाळीला लागूनच दोन खांब रोवले, साडेसात फुटांचे, पैकी अडीच फूट जमिनीत आणि त्याखाली अर्धा फूट दगड. ओळंबा धरला. आठ दिवस पाणी घातले. चालू कुंपणात फाटक काढावयाचे तर जाळी आधी दोन्ही नव्या खांबांना सळई ओवून तारेने घट्ट बांधून घ्यावी. नाहीतर मधला तुकडा सुटताच सगळ्या कुंपणाचा ताण जातो. मग खांबांच्या आतल्या बाजूची एकेक तार फिरवून काढावी. मधला तुकडा अखंड हाती येतो, आणि तोच फाटकाच्या चौकटीवर ताणून बांधता येतो. कापाकाप नाही.

त्या दोन तारा नानांनी काढल्या. वेल्डर पक्कड घेऊन पुढे झाला होता. आम्ही त्याला थांबविले आणि पक्कड नानांच्या हाती दिली. त्यांनी टोके सोडविली, तार दोन बोटांत धरून फिरवीत फिरवीत वर ओढली. मागाचा धोटा ऐकावा तसे त्यांचे कान तारेच्या किरकिरीकडे लागले होते. मध्येच एका जागी ती अडली तेव्हा त्यांनी जोर केला नाही. अर्धा फेरा उलटा फिरविला, आणि ती निघाली. वेल्डर या वेळी हसला नाही. त्याने त्यांना ‘उस्ताद’ म्हटले.

फाटक जमिनीपासून तीन इंच वर ठेवले, पावसाळ्यात माती फुगली तरी घासू नये म्हणून. बिजागरीची एक खुंटी वर तोंड करून आणि एक खाली तोंड करून बसविली, म्हणजे फाटक कोणी उचलून काढू शकत नाही. तिरपा आधार जाड पाइपचा, योग्य दिशेचा. कडी आपोआप पडणारी, दोन्ही बाजूंनी उघडणारी. कुलूप नाही. कुलूप नसावे यावर घरात एकमत व्हावयाला दोन रात्री गेल्या. चिरंजीव म्हणाले, ‘मग फाटकाचा उपयोग काय?’ प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून आम्ही माळ्यावरची पेटी उघडली आणि तीतून पितळेची घंटा काढली. १९७२ मध्ये बैल गेले तेव्हा एकाच्या गळ्यातली ही घंटा नानांनी ठेवून घेतली होती. ती फाटकाच्या वरच्या पाइपला बांधली. फाटक हलले की ती वाजते. आमच्या खोलीत ऐकू येते, बांच्या ओट्यावरही ऐकू येते. नानांच्या सदऱ्याच्या खिशात नाव, पत्ता आणि फोनचा आकडा मराठीत व गुजरातीत लिहिलेला कागद शिवून टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा वाजली. आम्ही चपला घालून निघालो आणि नानांच्या बरोबरीने चालू लागलो. वैद्यांनी सांगितले होते, वाद घालू नका. त्याचा अर्थ आम्ही इतके दिवस ‘गप्प राहा’ एवढाच लावला होता. बरोबर चालावे, हेही त्यात होते. बांच्या अंगणातून तिरपे, मग रस्ता, मग स्थानक. फलाटाच्या कडेपासून लांब, भिंतीजवळच्या बाकावर आम्ही दोघे बसलो. सुरतेकडची एक गाडी थांबून गेली. नानांनी विचारले, ‘दोंडाईच्याची का?’ आम्ही म्हटले, ‘नाही नाना, ती उधन्याहून सुटते.’ ते थोडा वेळ विचारात राहिले. मग पिशवी उचलून म्हणाले, ‘मंग सकाय.’ मग उद्या. आणि परतीच्या वाटेला लागले. घरी आल्यावर त्यांनी स्वतः फाटक लोटले आणि कडी पडल्याचा आवाज ऐकूनच ते ओट्याकडे वळले.

हा क्रम जवळजवळ पाच महिने चालला. सुमारे पाऊण तासाचे काम. थंडीत कंटाळा आला, एकदोनदा आम्ही रागावलोही. तेही येथे नोंदविले पाहिजे. कधी चिरंजीव जात, कधी बांचा धाकटा मुलगा. आम्ही मराठी माणसे दोन-दोन, तीन-तीन पिढ्या घरापासून दूर राहिलेली. आपापल्या गावचे घर आपण केव्हा सोडले आणि येथले घर आपले केव्हा झाले, याचा हिशेब आपण तरुणपणी करीत नाही. म्हातारपणी मन सैल पडले की तो हिशेब आपोआप उघडतो. ज्या वाचकांच्या घरी असे कोणी पिशवी भरून बसलेले असेल त्यांना आम्ही उपदेश करू इच्छीत नाही. कोणाच्या घरामागे हमरस्ता असेल, कोणाकडे बरोबर चालणारे माणूस नसेल. तेथे कुलूपच घालावे लागेल, आणि त्यात त्यांचा अपराध नाही. आमच्या नशिबाने आम्हांला बा शेजारी लाभल्या. एवढेच सांगतो की फाटक कोठे बसवावे हे ठरविण्यापूर्वी, ज्याच्यासाठी ते बसवावयाचे तो कोणत्या बाजूने जातो, हे एकदा पाहून घ्यावे.

चैत्रापासून नानांचे पाय थकले. आता ते पहाटे उठत नाहीत. खाट ओट्यावर आणली आहे, तीवर पडून असतात. मागले फाटक मात्र दिवसभर वाजत असते. बा ताकाचा तांब्या घेऊन येतात, मुले पेरूसाठी येतात. पुढच्या फाटकाचे कुलूप आम्ही काढून टाकले; ते कोठे ठेवले हे आता आम्हांलाच आठवत नाही. सकाळच्या वेळी मागे घंटा वाजली की नाना मान थोडी उचलतात आणि विचारतात, ‘गाडी गई का?’

आम्ही सांगतो, ‘नाही नाना, अजून वेळ आहे. चहा घ्या.’